डोळ्यातली नस फुगलीय असं सांगितलं? मग पुढे काय करायचं, पायरी पायरीने

फोंड्यात एका डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डॉक्टरांकडे जायच्या आधी तुमचा नंबर काढणारी, थेंब घालणारी, पडद्याचे फोटो काढणारी. डॉक्टरांना भेटून झालं की कितीतरी लोक कागद हातात घेऊन परत माझ्याच टेबलाशी येतात आणि हळूच विचारतात, ताई हे ॲन्युरिझम म्हणजे काय हो, मोबाईलवर बघितलं तर मेंदूत फुटतं असं लिहिलंय. चेहरा पांढरा पडलेला असतो. त्या लोकांसाठी आणि त्यांना घेऊन येणाऱ्या मुला-सुनांसाठी हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय. माझ्या सख्ख्या आत्याला हेच झालं होतं त्यामुळे घरच्या बाजूनेही मला हे माहीत आहे.

आधी कागदावर नेमकं काय लिहिलंय ते बघा

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो आणि त्याच्यावर बारीक नसांचं जाळं. नसेची भिंत एखाद्या जागी कमजोर झाली की तिथे ती फुगते, जुन्या सायकलच्या ट्यूबला कसा एका जागी फुगा येतो ना, तसंच. ॲन्युरिझम म्हणजे हाच फुगा. पण फुगे दोन जातीचे आहेत आणि लोक इथेच गोंधळतात.

पहिला मायक्रोअॅन्युरिझम, कागदावर बहुतेक नुसतं एमए लिहितात. हा सगळ्यात बारीक केशवाहिन्यांवर येतो, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान, फोटोत सुईच्या टोकाएवढा लाल ठिपका दिसतो. याच्या मागे बहुतेक वेळा डायबिटीस असतो. केशवाहिनीला बाहेरून धरून ठेवणाऱ्या पेशी असतात, वर्षानुवर्षं शुगर जास्त राहिली की त्या मरायला लागतात, आधार गेला की भिंत फुगते आणि त्यातनं पाणी झिरपायला लागतं. डायबिटीसचा पडद्यावर परिणाम सुरू झाला हे डॉक्टरांना डोळ्यात दिसणारं पहिलं चिन्ह हेच. आणि आपल्या गोव्यात तर हे घरोघरचं आहे, आयसीएमआरचा (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) जो देशभरचा अभ्यास २०२३ मध्ये छापून आला त्यात डायबिटीसचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यातच निघालं, २६.४ टक्के, देशाचा आकडा ११.४.

दुसरा मॅक्रोअॅन्युरिझम, कागदावर आरएएम. हा केशवाहिनीवर नाही तर पडद्यावरच्या धमनीवर येतो, पहिल्या दोन-तीन फाट्यांच्या आतच, आणि याच्या मागे बहुतेक ब्लडप्रेशर असतं. साठीच्या पुढचे लोक, त्यातही बायका जास्त, बहुतेकांना एकाच डोळ्यात. १९७३ मध्ये रॉबर्टसन नावाच्या डॉक्टरांनी याला हे वेगळं नाव दिलं. हा झिरपतो तरी, नाहीतर फुटतो.

लहान मुलांत किंवा तरुणांत असे फुगे दिसले तर कारणं वेगळी असतात, जन्मापासूनचा नसांचा दोष, नसांना सूज वगैरे, ते थेट पडद्याच्या डॉक्टरांचंच काम, इथे त्यात शिरत नाही.

आणि मेंदूचं म्हणाल तर पडद्यावरचा फुगा म्हणजे मेंदूतला फुगा नव्हे. बहुतेकांना त्यापायी मेंदूचा स्कॅन करावा लागत नाही. मात्र एक गोष्ट पाठ करून ठेवा, अचानक जोराचं डोकं दुखतंय, एका डोळ्याची पापणी खाली लोंबली आणि त्याच डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसतेय असं झालं तर ते डोळ्याच्या क्लिनिकचं काम नाही, तिथल्या तिथे १०८ ला फोन करायचा, कारण हे खरंच मेंदूतल्या नसेच्या फुग्याचं लक्षण असू शकतं.

पायरी १ : घरच्या घरी एक डोळा झाकून बघा

आत्या वाळपईला असते. दोन वर्षांमागे चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी (गणपतीच्या वर फळं-फुलं टांगतात ती) बांधायचं चाललं होतं, ती खालून वर बघून नारळ कुठे, तोरिंजन कुठे ते सांगत होती आणि म्हणाली मधलं काही दिसेना, तांबूस धुरासारखं आलंय. दुखत नव्हतं, डोळा लाल नव्हता. घरात सगळ्यांना वाटलं दमली असेल, उपास आहे. चवथ झाली, पाच दिवसांचा गणपती पोचवला, मग कोणीतरी म्हणालं मोतीबिंदू पिकला असेल म्हणून एका चष्म्याच्या दुकानात नेलं, तिथे नवीन नंबर काढून दिला आणि चष्मा चार दिवसांनी मिळेल म्हणून सांगितलं. ती माझ्यासमोर खुर्चीत बसली तेव्हा नववा दिवस होता. तेव्हा मला कोणी साधा फोन केला असता तर, हा विचार अजून जात नाही.

म्हणून सांगते, पडद्यावर रक्त आलं तरी बाहेरून डोळा अगदी चांगला दिसतो आणि दुखत नाही. उलट डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लालभडक डाग आला की लोक धावत येतात, आणि तो दिसायला भयंकर असला तरी नजर चांगली असेल आणि दुखत नसेल तर बहुतेक वेळा एक-दोन आठवड्यांत आपोआप जातो, फक्त बीपी एकदा मोजून घ्यायचं. म्हणजे जिथे घाबरायचं तिथे लोक थांबतात आणि जिथे थांबलं तर चालतं तिथे घाबरतात.

घरी करायची टेस्ट सोपी आहे. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, जवळचा चष्मा असेल तर तो लावून हातभर अंतरावरून बघा, एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि मधल्या एका तारखेकडे नजर ठेवा. चौकटीच्या रेघा वाकड्या दिसतात का, मधली एखादी तारीख गायब आहे का, तांबडं काळं काही तरंगतंय का. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघाल तर काहीच कळणार नाही कारण चांगला डोळा दुसऱ्याची चूक भरून काढतो.

अचानक काही बदल दिसला तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठायचा. शनिवार आहे, पाऊस आहे, घरात कार्य आहे म्हणून थांबू नका. पडद्याच्या बरोबर मधल्या भागाखाली रक्त साचलं की ते तिथल्या पेशींना मारत जातं, तिथे आठवड्यांचा नाही, दिवसांचा हिशेब असतो.

पायरी २ : कुठे जायचं आणि बरोबर काय न्यायचं

चष्म्याचं दुकान नको. जिथे बाहुली मोठी करून पडदा बघतात तिथे जायचं. सरकारीत जायचं तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) डोळ्यांचा विभाग आहे, म्हापसा आणि मडगावला जिल्हा इस्पितळं आहेत, आणि जवळच्या आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन गेलात तर कागद सरळ होतात. खासगीत जात असाल तर फोन करतानाच विचारा की पडद्याचे डॉक्टर कोणत्या वारी असतात, कारण रोज नसतात. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर ते बरोबर ठेवा आणि काय बसतं काय नाही ते उपचार ठरायच्या आधी काउंटरवर विचारून घ्या, नंतर नको.

पिशवीत काय काय : चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटासकट (नाव आठवत नाही, पांढरी छोटी गोळी आहे, यावरून कोणालाच काही कळत नाही), शेवटचा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट), क्रिएटिनिन (किडनीचा रिपोर्ट), ईसीजी असेल तर तो, जुना चष्मा. रक्त पातळ करायची गोळी घेत असाल तर आवर्जून सांगा पण डोळ्यात रक्त आलं म्हणून ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, ती हृदयासाठी दिलेली असते, ठेवायची की थांबवायची ते हृदयाचे आणि डोळ्याचे डॉक्टर मिळून ठरवतील.

एकटे येऊ नका आणि स्कूटर चालवत तर मुळीच येऊ नका. थेंब घातले की चार-सहा तास अंधूक दिसतं आणि उन्हात डोळे दिपतात. काळा चष्मा आणा.

पायरी ३ : तिथे काय काय तपासतात

थेंब घालून वीस-तीस मिनिटं बसवतात, मग डॉक्टर भिंगातून पडदा बघतात. निम्मं निदान इथेच होतं. मॅक्रोअॅन्युरिझम फुटला असेल तर त्याची एक ओळख आहे, रक्त एका थरात नसतं, पडद्याच्या पुढे, पडद्यात आणि पडद्याखाली अशा सगळ्या थरांत एकाच वेळी असतं. आत्याचा फोटो मी स्वतः काढला. खाली काळपट मोठा डाग, त्याच्यावर लाल, आणि सगळ्यात पुढे एक होडीच्या आकाराचं रक्त, वरची कड अगदी सरळ, पट्टीने आखल्यासारखी, कारण माणूस बसून-चालून असतो तेव्हा रक्त पाण्यासारखं खाली बसतं आणि वर पातळी धरतं. होडीच्या कडेला धमनीवर एक पिवळट गोल ठिपका. तो फुगा. कधीकधी रक्त इतकं असतं की फुगा दिसतच नाही आणि मग म्हातारपणी मधल्या पडद्याखाली रक्त येणारा जो दुसरा आजार आहे तोच वाटतो, त्यामुळे पुढच्या टेस्ट लागतात.

ओसीटी म्हणजे नुसता स्कॅन, सुई नाही काही नाही, हनुवटी टेकवून एका खुणेकडे बघायचं. पडद्याचा उभा छेद दिसतो, सूज किती, पाणी कुठे, रक्त कोणत्या थरात. डायबिटीसवाल्यांच्या फाइलमध्ये हाच कागद पुन्हा पुन्हा लागतो म्हणून जपून ठेवा.

अँजिओग्राफी नाव ऐकलं की लोकांना हृदयाची वाटते. ही डोळ्याची, हाताच्या नसेत फ्लोरेसिन नावाचा पिवळा डाय देतात आणि तो पडद्याच्या नसांतून धावताना निळ्या प्रकाशात भराभर फोटो काढतात. फुगा दिव्यासारखा उजळतो, झिरपत असेल तर ते पण दिसतं. काहींना अर्धा मिनिट मळमळतं, अंग थोडा वेळ पिवळट दिसतं आणि लघवी दिवसभर गडद पिवळी-केशरी होते, त्याला कावीळ समजू नका (एका आजोबांच्या घरचे रात्री अकरा वाजता फोनवर होते). क्वचित कोणाला जोरात ॲलर्जी येते म्हणून दमा, आधीची कुठलीही रिॲक्शन, गरोदरपण हे आधी सांगायलाच हवं. रक्त फार असेल तर आयसीजी हा दुसरा हिरवा डाय वापरतात, तो रक्ताच्या आडूनही दिसतो, पण त्यात आयोडीन असतं, म्हणून आयोडीनची ॲलर्जी असेल तर सांगा, सुंगटं (कोळंबी) खाल्ली की अंगावर गांध्या उठतात असं असेल तर तेही सांगून टाका, काय ते डॉक्टर बघतील.

आतलं सगळं रक्ताने भरलं आणि पडदा दिसतच नसेल तर पापणीवर जेल लावून सोनोग्राफी करतात, मागे पडदा सुटला नाही ना ते बघायला.

पायरी ४ : बीपी आणि शुगर, खरा उपचार इथे आहे

मला सगळ्यात जास्त तळमळून सांगायचं आहे ते हेच. लोक विचारतात ऑपरेशन कधी, लेझर कधी, थेंब कुठले, आणि मुळात फुगा का आला याच्याकडे कोणी बघत नाही. फुगा घालवणारा थेंब नाही. नस डोळ्यात फुगली म्हणून डोळ्याच्या डॉक्टरांना दिसली, पण तेच रक्त आणि तेच प्रेशर किडनीत, हृदयात, मेंदूतही आहे.

आत्याचं बीपी त्या दिवशी १९२/१०४ होतं. गोळी चालू आहे का विचारलं तर म्हणाली, बरं वाटत होतं म्हणून मे महिन्यातच सोडली. आणि वर म्हणाली, पण प्रेशर तर चष्म्याच्या दुकानात मशीनवर बघितलं, नॉर्मल आहे म्हणाले! हा घोळ मी दर आठवड्याला ऐकते. दुकानात जी हवेची फुंकर मारतात ते डोळ्यातलं प्रेशर, काचबिंदूसाठी. दंडाला पट्टा बांधतात ते रक्ताचं प्रेशर. एक नॉर्मल आहे म्हणून दुसरं नॉर्मल नसतं, दोघांचा एकमेकांशी हिशेब नाही.

तर, डोळ्याच्या आत रक्त आल्याचं निदान झालं आणि बीपी असं चढलेलं असेल तर त्याच दिवशी फिजिशियनकडे जायचं. मग घरी मशीन आणा, दंडाचं, मनगटाचं नको. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, हात टेबलावर छातीच्या उंचीला, बोलायचं नाही, टीव्ही नाही, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, सकाळ-संध्याकाळ, आणि वहीत लिहायचं. बहुतेकांना १३०/८० च्या खाली ठेवायला सांगतात पण तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांनी ठरवलेला घ्या, फार वयस्कर माणसाला चक्कर येण्याइतकं खाली नको असतं.

थोडं थोडं कमी करून काय होणार असं वाटतं ना? ब्रिटनमध्ये डायबिटीसच्या लोकांवर यूकेपीडीएस नावाचा मोठा अभ्यास झाला, १९९८ मध्ये निकाल आला. एका गटाचं बीपी सरासरी १५४/८७ राहिलं, दुसऱ्याचं १४४/८२, म्हणजे वरच्या आकड्यात फक्त दहाचा फरक, आणि पडदा बिघडण्याचा धोका ३४ टक्क्यांनी कमी. शुगरचं तसंच, १९९३ च्या डीसीसीटी अभ्यासात टाइप १ डायबिटीसच्या ज्या लोकांच्या पडद्यावर तेव्हा काहीच नव्हतं त्यांनी शुगर कडक सांभाळली तर पडद्याचा त्रास सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला.

पण शुगर बऱ्याच वर्षांची चढलेली असेल आणि इन्सुलिनने किंवा नव्या इंजेक्शनांनी ती एकदम झपाट्याने खाली येणार असेल तर सुरू करायच्या आधी पडदा तपासून घ्या, कारण पहिल्या काही महिन्यांत पडदा थोडा बिघडू शकतो. म्हणून शुगर तशीच ठेवायची असं नाही, लक्ष ठेवून उतरवायची. डायबिटीस असताना दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांत तपासणी.

जेवणातलं मीठ बघा. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि आपल्याकडे पावसात मासे बंद झाले की ताटात सुका बांगडा, किसमूर, खारातली तोरां, लोणचं, पापड हे सगळं एकदम येतं, पेजेबरोबर तर हवंच असतं. आत्याला मी हे सगळं बंद कर म्हटलं असतं तर तिने माझंच ऐकणं बंद केलं असतं. म्हणून एका जेवणाला यातलं एकच असं ठरवलं. ते ती पाळते.

पायरी ५ : मग डोळ्यात काय करतात

पुष्कळदा काहीच नाही, आणि हे ऐकून लोक नाराज होतात. मॅक्रोअॅन्युरिझम फुटला की बऱ्याच वेळा आतल्या आत रक्त गोठून तो स्वतःच बंद होतो. मधल्या भागापासून लांब असेल, नजर चांगली असेल तर बीपी सांभाळून काही आठवड्यांनी परत बघतात. काही केलं नाही म्हणजे दुर्लक्ष केलं असं समजू नका. मायक्रोअॅन्युरिझमचे ठिपके तर एकेकटे कोणी जाळत बसत नाही, काही जातात काही नवीन येतात, नुसते ठिपकेच असतील तर साधारण वर्षाने, जास्त बदल असतील तर सहा महिन्यांनी किंवा त्याआधीच बोलावतात.

मधल्या भागावर सूज आली तर मात्र डोळ्यात इंजेक्शन, बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब वगैरे. नावाने अंगावर काटा येतो पण बधिर करायचे थेंब घालतात, बेटाडीनने साफ करतात, सुई फार बारीक असते आणि टोचणं काही सेकंदांचं. एकात भागेलच असं नाही, डायबिटीसच्या सुजेला तर महिन्या-महिन्याने बरीच लागू शकतात, म्हणून पहिल्या इंजेक्शनआधीच पुढच्या खर्चाचं आणि बांबोळीच्या खेपांचं गणित घरात मांडा. अलीकडे हार्टॲटॅक किंवा स्ट्रोक येऊन गेला असेल तर आधी सांगा. लेझर फुग्याभोवती देतात, सतत झिरपत असेल तर. होडीसारखं पुढे साचलेलं रक्त ताजं असेल तर दुसऱ्या एका लेझरने त्याच्या पातळ पिशवीला भोक पाडून ते खाली उतरवता येतं. आणि मधल्या पडद्याखालचं रक्त असेल तर डोळ्यात गॅस सोडून, कधी गाठ विरघळवणारं औषध देऊन, ते मधून बाजूला सारतात, पण हे पहिल्या एक-दोन आठवड्यांतच खऱ्या अर्थाने उपयोगाचं. आत्याला इंजेक्शन आणि गॅस दोन्ही दिलं. बाजूचं सगळं परत आलं, वर्तमानपत्राचे मथळे वाचते, पण त्या डोळ्याने माणसाचा चेहरा अजून मधोमध धूसर दिसतो.

पायरी ६ : घरी आल्यावर

इंजेक्शननंतर एक दिवस खुपतं, पांढऱ्यावर लाल ठिपका राहतो, बुडबुडे तरंगताना दिसतात, हे चालतं. पण पुढच्या आठवडाभरात दुखणं वाढत गेलं, डोळा लाल होत गेला, नजर कमी झाली तर ते इन्फेक्शन असू शकतं, रात्र असली तरी निघायचं. काही दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, नदी-समुद्र-विहीर बंद.

आत रक्त तरंगत असेल तर दोन उशा घेऊन डोकं वर ठेवून झोपायचं म्हणजे ते खाली बसतं. जड कळशी उचलू नका.

गॅस भरला असेल तर सांगतील तितके दिवस मान खाली, कंटाळा येतो, कोणीतरी शेजारी बसून वाचून दाखवलं तर बरं पडतं. आणि गॅस पूर्ण जाईपर्यंत विमान अजिबात नाही, दाबोळी नाही मोपा नाही, वर गेलं की गॅस फुगतो आणि डोळ्यातलं प्रेशर चढून नजर जाऊ शकते. हे डॉक्टर सांगतातच. पण आपल्याकडे लोक विमानाचं ऐकतात आणि बेळगावला लग्नाला चोर्ला घाट चढून जातात, घाटाची उंचीही उंचीच आहे, आधी विचारा. गॅस असताना दुसरं कुठलंही ऑपरेशन, अगदी दाताचं निघालं तरी भूल देणाऱ्याला सांगायचं.

दर भेटीत दुसरा डोळाही थेंब घालून बघायला सांगा, काही जणांना दुसऱ्यातही निघतो. पाठच्या भावंडांचं बीपी मोजून घ्या. आम्ही आत्याचं निदान झालं त्या रविवारी वाळपईला मशीन घेऊन गेलो, पाचजणांचं मोजलं, धाकट्या काकांचं १६८ निघालं, त्यांनी त्याआधी आयुष्यात कधी मोजलंच नव्हतं.